लेकराच्या खोलीसाठी हवेचं यंत्र किती मोठं?

अकोल्याच्या एका दुकानात एअर प्युरिफायरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, '४०० चौरस फुटांपर्यंत'. माझ्या नातीची झोपायची खोली जठारपेठेत, दहा बाय बाराची. विकणारा मुलगा म्हणाला, "काकू, तुमच्या खोलीले हे लय मोठं होते. याच्याहून लहान घ्या, पैसे वाचतीन." तो भल्यासाठीच सांगत होता. पण मी अमरावतीच्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत निवृत्त झालेली बाई. चौरस फूट हे फरशीचं माप. लेकरू श्वासात घेतं ती हवा फरशीपासून छतापर्यंत भरलेली असते, आणि ती घनफुटांतच मोजावी लागते.

त्याच खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत दुसरा आकडा होता, सीएडीआर २५० घनमीटर प्रतितास. पाहायचा तो हा. यंत्र तासाभरात किती स्वच्छ हवा खोलीत सोडतं, ते हा आकडा सांगतो. गाळणी कितीही बारीक असली आणि पंखा लेचापेचा असला तर हवा गाळणीपर्यंत पोचतच नाही. उलट पंखा दमदार आणि गाळणी ढिली, तर धूळ जशीच्या तशी परत येते. सीएडीआरमध्ये दोन्हींचा हिशेब एकत्र होतो. काही कंपन्या धूर, धूळ आणि परागकण यांचे तीन वेगळे आकडे देतात. त्यांतला धुराचा धरावा, कारण सर्वांत बारीक कण धुरातच असतात.

आता खोक्यावरचा दावा ताडून पाहू. ४०० चौरस फुटांची खोली आणि छत नऊ फुटांवर धरलं तर हवा झाली ३६०० घनफूट. एका घनमीटरात सुमारे ३५ घनफूट बसतात, म्हणजे ती साधारण १०२ घनमीटर. २५० ला १०२ ने भागलं की येतात जेमतेम अडीच. एवढ्या मोठ्या खोलीत हे यंत्र तासाला अडीच खोल्यांइतकीच हवा गाळेल. ज्या लेकराची छाती थंडीत घरघरते, त्याच्यासाठी तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असा सर्वसाधारण दंडक आहे. अमेरिकेतल्या घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेचा दोन तृतीयांशाचा नियमही जवळपास तिथेच येतो. खोलीच्या चौरस फुटांचे दोन तृतीयांश करायचे, तेवढे घनफूट स्वच्छ हवा यंत्रानं मिनिटाला दिली पाहिजे. पण त्या नियमात छत आठ फुटांवर धरलेलं आहे. आपल्याकडे नव्या फ्लॅटलाही साडेनऊ-दहा फुटांचं छत असतं, आणि अमरावतीच्या जुन्या वस्तीतल्या घरांना बारा-तेरा फुटांचं. तो नियम इथे जसाच्या तसा लावला तर यंत्र तोकडं पडतं.

नातीच्या खोलीचा हिशेब असा. दहा गुणिले बारा गुणिले दहा, म्हणजे १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. त्याची पाचपट १७०. जुन्या घरातली बारा बाय चौदाची, तेरा फूट उंच खोली असेल तर तीच रीत लावून ३१० च्या आसपास उत्तर येतं. टेप घेऊन घरात पाच मिनिटं फिरलं की हे काम होतं, आणि दुकानात जाण्याआधीच ते झालेलं बरं.

तरी १७० वर थांबता येत नाही. खोक्यावरचा सीएडीआर सर्वांत वरच्या वेगाचा असतो. त्या वेगाला यंत्राचा आवाज पन्नास डेसिबलच्या वर सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात काय होतं? लेकरू कुरकुरतं, आई उठून वेग कमी करते, आणि रात्रभर यंत्र अर्ध्याहून कमी हवा देत राहतं. तेव्हा मधल्या वेगावरही १७० देईल असं यंत्र हवं, आणि त्याचा पूर्ण वेगाचा आकडा ३०० ते ३५० असतो. म्हणजे ४०० फुटांचं म्हणून विकलं जाणारं ते यंत्र १२० फुटांच्या खोलीला भलतं मोठं तर नव्हतंच, उलट थोडं उणंच पडत होतं. आम्ही त्याहून एक पायरी वरचं घेतलं. मोठं यंत्र हळू चालवणं लहान यंत्र जोरात चालवण्यापेक्षा दरवेळी चांगलं. आवाज कमी, वीज कमी, आणि गाळणीही जास्त दिवस टिकते. मधल्या वेगाला तीस वॉट धरले आणि रोज नऊ तास चालवलं, तर महिन्याला आठ युनिट होतात. घरच्या इन्व्हर्टरवरही ते आरामात चालतं.

आकाराचं गणित इथे संपलं असतं, जर आपण वऱ्हाडात राहत नसतो.

माझ्या मते आपल्याकडे यंत्राच्या मापाआधी एक प्रश्न विचारावा लागतो. खोली बंद होते का? पाच वेळा, सहा वेळा हे सगळे हिशेब बंद खोलीचे आहेत. दारं-खिडक्या लावलेल्या साध्या खोलीतही फटींमधून बाहेरची हवा येतच असते. तासाला एक खोलीभर हवा आत येते असं समजा आणि यंत्र पाच खोल्या हवा गाळतंय. मग आतली घाण बाहेरच्या सहाव्या हिश्शावर येते. एकाला सहानं भागायचं, इतकं सोपं. आता खिडकी उघडी ठेवा. वारा असेल तर तासाला दहा खोल्या हवा सहज आत येते. दहाला पंधरानं भागा, आत बाहेरच्या दोन तृतीयांश घाण उरते. यंत्र तेच, वीज तीच, आणि उपयोग तिसऱ्या हिश्शाचा.

आणि कूलर? अकोला-अमरावतीत मार्च लागला की खिडकीला लोखंडी कूलर लागतो. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हापायी जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा ठिकाणी कूलर म्हणजे चैन नव्हे. पण कूलरची रीतच अशी की तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढतो आणि खोलीत ढकलतो, आणि ती हवा जायला दुसरीकडची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. तासाला दोन हजार घनमीटर हवा देणारा कूलर म्हणजे लहानसाच. नातीच्या ३४ घनमीटरच्या खोलीत तो तासाला साठेक वेळा हवा बदलतो. साठाला पासष्टनं भागा. शंभरातले ब्याण्णव भाग बाहेरची हवा तशीच राहते. कूलर चालू असताना प्युरिफायर लावणं म्हणजे फाटक्या पोत्यात तूर भरणं. ओल्या ताट्या जाडी धूळ थोडीफार अडवतात, बारीक धुराला त्या अडवत नाहीत. ज्या खोलीत एसी आहे तिथली गोष्ट वेगळी. घरगुती स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, खोली बंद असते, आणि तिथे प्युरिफायर उन्हाळ्यातही आपलं काम करतो.

कवेलूच्या घरांबद्दल स्पष्टच सांगते. कवेलूच्या किंवा भिंत आणि छत यांच्यामध्ये वीतभर फट असलेल्या टिनाच्या खोलीत प्युरिफायर घेऊ नका. ती खोली कधी बंद होतच नाही. हे पैसे आधी छताला खालून आच्छादन बसवण्यात घालावेत. त्यानं उन्हाळ्यातही लेकराचे हाल कमी होतील.

म्हणजे वऱ्हाडात हे यंत्र मुख्यतः दसरा ते होळी या दिवसांचं. आणि हेच दिवस आपल्याकडे हवेचे वाईट. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू होते आणि थ्रेशरचा भुसा गावभर उडतो. दिवाळीच्या मागेपुढे कापूस येतो, जिनिंग-प्रेसिंग सुरू होतात, त्या रस्त्यांवर बारीक तंतू आणि सरकीची धूळ. अकोल्यात डाळ मिलचा कोंडा त्यात भर घालतो. मग तूर निघते, आणि फेब्रुवारीत पऱ्हाट्या पेटतात. काळी माती वाळली की पिठासारखी होते आणि प्रत्येक ट्रकमागे उठते. अमरावती-अकोला महामार्गाचं काम रखडलेलं असताना बडनेरा ते मूर्तिजापूर बसच्या खिडक्या बंद करून प्रवास केलेल्यांना हे सांगायला नको. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला आणि ती धूळ खाली बसली. शिवाय पारस आणि नांदगाव पेठ इथली औष्णिक वीज केंद्रं दोन्ही शहरांपासून फार लांब नाहीत.

हिवाळ्यात एक गोष्ट या सगळ्यावर झाकण घालते. रात्री जमीन निवते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, आणि वर गरम हवेचा थर बसतो. शेकोटीचा, कचऱ्याचा, चुलीचा धूर वर जाऊ शकत नाही. सकाळी सातला अकोल्याच्या डाबकी रोडवर दिसणारं धुकं पुष्कळदा धूरच असतो. दुपारी जमीन तापली की हवा वरखाली होते आणि तो पांगतो. त्यामुळे थंडीत लेकराची खोली उघडायची ती दुपारी बारा ते चारच्या दरम्यान. पहाटे खिडक्या सताड उघडण्याची आपल्या घरांतली जुनी सवय उन्हाळ्यात योग्य आहे, डिसेंबरात नाही. खोली उघडायची तर आहेच. प्युरिफायर कण गाळतो, माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काढत नाही, आणि तिघं जण झोपलेल्या बंद खोलीत सकाळपर्यंत तो चांगलाच साठतो.

अमरावतीच्या लोकांना इथे एक शंका येईल. तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत अमरावती स्वच्छ वायू सर्वेक्षणात २०२३ मध्ये देशात पहिली आली आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिली. मलाही त्याचा अभिमान आहे. पण हा क्रमांक महापालिकेनं धूळ, कचरा, वाहनं यांबाबत केलेल्या कामाचा आणि सुधारणेचा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अकोला आणि अमरावती दोन्ही शहरं आहेत, आणि त्या यादीत यायचं कारण इथली हवा आपल्या देशाच्या मानकांत बसत नव्हती हेच होतं. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे बारीक कण, यांची वर्षाची सरासरी आपल्या मानकात ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. लेकरू वजनाच्या मानानं आपल्याहून जास्त हवा घेतं आणि त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. हा आठपटीचा फरक मला त्याच्याच बाजूनं वाचावासा वाटतो.

आता खोलीच्या आतलं. यंत्राहून मोठा फरक इथे पडतो, आणि यासाठी फारसा खर्च लागत नाही.

पहिली मच्छर अगरबत्ती, म्हणजे कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून मोजल्या होत्या. एका कॉइलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. ती आपण लेकराच्या उशाशी, खिडकी लावून, रात्रभर जाळतो. डेंग्यूची भीती खरी आहे, त्यामुळे मच्छरांना मोकळं सोडा असं मी म्हणणार नाही. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी बसवा, कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा. आमच्या घरी हातात मावणारं कण मोजायचं छोटं मीटर आहे. कॉइल पेटवून ते मी सुनेला दाखवलं. काही मिनिटांत आकडा कितीतरी पट चढला. तिनं कॉइल विझवली आणि पुन्हा कधी घरात आणली नाही.

दुसरी धुरी. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा, वावडिंग, शेपांची धुरी द्यायची आपली पद्धत मला ठाऊक आहे. माझ्या आईनं ती मला दिली, माझ्या सासूबाईंनी माझ्या मुलाला दिली. त्यामागची माया मी जाणते. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "काहून वो बाई, आमची पोट्टी का मेली धुरीनं?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना एवढंच म्हटलं की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी आपल्या तळहातावर पाहा आणि मग बाळाला शेका. ऊब तीच मिळते, धूर होत नाही. त्यांना ते पटलं. देवघरातली उदबत्ती आणि कापूरही झोपायच्या खोलीपासून दूर असलेला बरा. खोलीतच धूर निघत असेल तर कितीही मोठ्या सीएडीआरचं यंत्र त्याच्या मागे धावतच राहतं.

तिसरी गादी. लेकराला शिंका आणणारे धुळीतले सूक्ष्म किडे गादी-उशीत राहतात, आणि त्यांची विष्ठा एवढी जड असते की हलवल्यावर उडाली तरी थोड्या वेळात खाली बसते. यंत्रापर्यंत ती पोचतच नाही. चादरी, अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवायचे, गाद्या उन्हात टाकायच्या. वऱ्हाडातलं कोरडं ऊन या किड्यांना मानवत नाही, त्यांना ओल लागते. कापसाची गादी पिंजायला दिली तर पिंजताना लेकरू तिथे नको. आणि खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसावी. झाडूनं काळ्या मातीची धूळ उठते, आणि आपल्याला वाटतं खोली साफ झाली.

दुकानात बाकी फार पाहायचं नसतं. गाळणी खरी हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारी, असावी, एच १३ दर्जाची असेल तर उत्तम, 'हेपासारखी' असं मोघम काही लिहिलेलं नको. धूर-वासासाठी कोळशाचा थर असतो, तो वजनदार असेल तरच कामाचा, नुसती काळी जाळी कामाची नाही. ओझोन सोडणारं यंत्र लेकराच्या खोलीत आणू नये, आयोनायझर असेल तर तो बंद करता आला पाहिजे. नव्या गाळणीची किंमत आणि ती अकोल्यात मिळते की मागवावी लागते, हे यंत्र घेण्याआधी विचारावं. यंत्र भिंतीपासून फूटभर सोडून, पडद्याआड न लपवता ठेवावं, स्वच्छ हवेचं तोंड पलंगाकडे करून. दाराखालच्या फटीत रात्री जुन्या लुगड्याची गुंडाळी सारली तर विकतच्या रबरी पट्टीइतकंच काम होतं.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगायची आहे. लेकराला दमा असेल आणि डॉक्टरांनी पंप दिला असेल, तर यंत्र आलं म्हणून पंप बंद करू नका. पंपाची सवय लागते, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती लेकरांना दवाखान्यात पोचवते. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून ते अगदी थोडं पुरतं. प्युरिफायर खोलीतले कण कमी करतो, चांगल्या बंद खोलीत निम्म्याहून कमी करतो, पण शाळेच्या रस्त्यावरची हवा लेकरू घेणारच आहे. यंत्र खोलीचं असतं, औषध लेकराचं.

गाळणीबद्दल थोडं. सर्वांत बाहेरची जाळी आपल्या धुळीत पंधरा दिवसांत भरते, ती ब्रशनं किंवा कोरड्या कपड्यानं साफ करावी, सांगितलं असेल तरच पाण्यानं धुवावी आणि पूर्ण वाळवून लावावी. आतली हेपा कधीच धुवायची नाही. कंपन्या ती सहा महिन्यांनी नाहीतर वर्षानं बदला म्हणतात, आणि बऱ्याच यंत्रांतला दिवा नुसते चाललेले तास मोजतो. वऱ्हाडात यंत्र दसरा ते होळी रात्रीच चालत असेल तर गाळणी कॅलेंडर सांगतं त्याहून जास्त टिकते. ती काळवंडली, वास येऊ लागला किंवा त्याच वेगाला येणारी हवा हाताला कमी लागू लागली, की बदलायची. मार्चमध्ये कूलर खिडकीला चढला की यंत्राची जाळी साफ करून, ते सुती कपड्यात बांधून कोरड्या जागी ठेवावं. पावसाळ्यात त्याला ओल लागू द्यायची नाही, ओल्या गाळणीत बुरशी धरते. दसऱ्याला बाहेर काढलं की आधी तासभर रिकाम्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून पूर्ण वेगानं चालवावं, मग लेकराच्या पलंगाजवळ न्यावं.